लोहाराने दान केलेली वाट

सुमारे अठराशे वर्षांपूर्वी कल्याणच्या एका लोहाराने एक वाट दान केली. त्याचे नाव नद, संस्कृत वळणाने नंद. दान म्हटले की सोने, गाय, जमीन असे काही डोळ्यांपुढे येते. या गृहस्थाने डोंगर चढून येणाऱ्यांचा पाय नीट पडावा एवढ्यासाठी खर्च केला आणि त्याची नोंद कान्हेरीच्या खडकावर ब्राह्मी अक्षरांत करून ठेवली.

मुंबई-ठाण्याची कुटुंबे फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलाबाळांसह ज्या डोंगरावर निसर्गफेरीला जातात, तो डोंगर हाच. हा थ्रेड त्या वाटेचा, तिच्यावरून येऊन गेलेल्या पाहुण्यांचा आणि त्यांना निरनिराळ्या गोष्टी सांगणाऱ्या वाटाड्यांचा.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या बोरिवलीकडील प्रवेशद्वारापासून कान्हेरीची लेणी सुमारे ६ किलोमीटर आत आहेत. पंचांगाच्या हिशेबाने फेब्रुवारीअखेर शिशिरच असतो, वसंताला चैत्र उजाडावा लागतो. पण कोकणपट्टीतील झाडांना हे पंचांग मान्य नसावे. माघातच काटेसावर सगळी पाने टाकून लालभडक फुलते. मागोमाग पळस आणि पांगारा. कुसुमाची कोवळी पालवी तर कित्येक फुलांहून लाल असते. नवखा पाहुणा हटकून तिला फुले समजतो. सावरीच्या फुलांतील मधासाठी कोतवाल, साळुंक्या आणि बुलबुल यांची झुंबड उडते, आणि खाली पडलेली मांसल फुले चितळ वेचून खातात.

याच दिवसांत महाशिवरात्र येते. त्या दिवशी कान्हेरीला एवढी गर्दी लोटते की बेस्टला जादा बसगाड्या सोडाव्या लागतात. लेणी बौद्ध, यात्रा शिवरात्रीची. येणाऱ्यांनी त्यात कधी विसंगती मानली नाही. आजी-आजोबा, डबे, पाण्याच्या बाटल्या, खांद्यावर झोपलेली मुले असा हा सारा लवाजमा चढत असतो. त्यांच्यातील कोणाला विचारले की ही लेणी कोणी कोरली, तर ठरलेले उत्तर मिळते: पांडवांनी, एका रात्रीत.

हे उत्तर हसण्यावारी नेण्याजोगे नाही. महाराष्ट्रातील असंख्य लेण्यांबद्दल ते सांगितले जाते, कारण कोरणाऱ्यांची अक्षरे वाचणारी माणसेच संपली होती. वाचता येईनासे झाले की वाटाड्या गोष्ट रचतो. कान्हेरीवर अशा गोष्टी अनेक रचल्या गेल्या. त्यांतील काही थेट युरोपात पोहोचल्या.

पण आधी मूळ गोष्ट पाहू.

कान्हेरीचे लेखांतील नाव कण्हसेल, म्हणजे काळा डोंगर. संस्कृत लेखांत कृष्णगिरी. इसवी सनाच्या आरंभकाळापासून दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत येथे बौद्ध भिक्षूंची वस्ती होती. शंभराहून अधिक गुंफा एका डोंगरावर, एका नाल्याच्या दोन्ही काठांनी पसरलेल्या. अजिंठ्याची चित्रे येथे नाहीत, वेरूळचे कैलास मंदिर नाही. बहुतेक गुंफा साध्या आहेत: पुढे अंगण, मग ओसरी, आत एक खोली, निजण्यासाठी दगडी ओटा. अंगणात बसायला बाक. आणि अंगणाच्या एका कोपऱ्यात पाण्याचे टाके.

हे टाके नजरेतून निसटू देऊ नये. कान्हेरी पाहण्यासाठी पावसाळ्याचे दिवस उत्तम असे समजले जाते. तेव्हा नाला खळाळत असतो, पायऱ्यांवरून पाणी उतरत असते, छायाचित्रे सुंदर येतात. परंतु इतिहास वाचायचा असेल तर मार्च बरा. नाला कोरडा पडलेला, खडक तापलेला, बरोबर आणलेले पाणी अर्ध्यावर आलेले. अशा वेळी एखादे लहान मूल नेमके विचारते: इथे राहणारे लोक पाणी कुठून आणायचे?

उत्तर डोक्यावर असते. गुंफेच्या वरच्या खडकात बारीक पन्हळी कोरलेल्या दिसतात. कातळावर पडणारा पाऊस त्या अडवून शेजारच्या टाक्याकडे वळवत. जवळपास प्रत्येक गुंफेला आपले टाके, काहींना दोन. नाल्यावर एका जागी जुन्या बंधाऱ्याचे अवशेष आहेत. चार महिन्यांत कोसळणारा पाऊस उरलेल्या आठ महिन्यांसाठी खडकाच्या पोटात साठवण्याची ही योजना होती, आणि ती कोणा एका राजाने आखून दिलेली नव्हती. एकेका दात्याने एकेक टाके द्यावे अशी ती वाढत गेली.

दात्यांची नावे टाक्यांजवळच कोरलेली आहेत. टाक्याला लेखांमधला शब्द ‘पोढि’. कल्याणचा सोनार सामिदत्त एक पोढी देतो. सोपारा, नाशिक, चेमुल म्हणजे आजचे चौल, येथील माणसे गुंफा, बाके, टाकी देतात. व्यापारी आहेत, गृहस्थ आहेत, भिक्षू आहेत. स्त्रिया आणि भिक्षुणीही थोड्या नाहीत. नवव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या अमलात, पार गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून आलेला अविघ्नाकर नावाचा उपासक ध्यानासाठी खोल्या बांधवतो, भिक्षूंच्या वस्त्रांची सोय करतो आणि शंभर द्रम्म ठेव म्हणून देतो. ही यादी वाचताना एक गोष्ट जाणवते. यांतील बहुतेक दाने येणाऱ्या-जाणाऱ्याच्या देहाच्या गरजांसाठी आहेत. तहान, विसावा, सावली, पायवाट.

टाक्यांमध्ये एक टाके मात्र राजकारणाचे आहे, आणि इतिहासाची आवड असणाऱ्या प्रत्येकाने त्याच्यापाशी थोडा वेळ थांबावे.

क्रमांक ५ च्या गुंफेजवळील हे टाके सतेरक नावाच्या अमात्याने दिले. लेख संस्कृतात आहे. सातवाहनांच्या काळातील या भागातले बहुतेक लेख प्राकृतात असताना हे विशेष. लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख येतो. ती कार्दमक राजकुळात जन्मलेली, आणि महाक्षत्रप ‘रु...’ याची कन्या. पुढची अक्षरे फुटलेली आहेत.

हा ‘रु’ कोण, हे कळण्यासाठी गुजरातेत जुनागढला जावे लागते. तेथील खडकावर इसवी सन १५० च्या सुमाराचा महाक्षत्रप रुद्रदामनाचा प्रसिद्ध लेख आहे. तोही संस्कृतात, आणि तोही पाण्याचाच: सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध दुरुस्त केल्याचा. त्यात रुद्रदामन सांगतो की दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला आपण दोनदा उघड्या युद्धात जिंकले. पण नाते जवळचे असल्यामुळे त्याला समूळ उखडले नाही.

कोणते नाते, ते जुनागढचा लेख सांगत नाही. कान्हेरीचे फुटके टाके ते सुचवते. सासऱ्याने जावयाला दोनदा हरवले आणि लेकीकडे पाहून सोडून दिले, असा अर्थ बहुतेक अभ्यासकांनी या दोन खडकांची अक्षरे शेजारी ठेवून लावला आहे. जुनागढचा सातकर्णी नेमका कोणता, जावई की जावयाचा नातलग, यावर मतभेद आहेत. पण दोन राजघराण्यांमधील त्या लग्नाचा दगडी पुरावा मुंबईच्या हद्दीत एका पाण्याच्या टाक्याशी उभा आहे, आणि मार्चमध्ये त्याच्या कडेला बसून मुले संत्री सोलत असतात.

तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह हे येथील सर्वांत मोठे काम. आत ३४ खांब, टोकाला स्तूप, ओसरीच्या दोन्ही अंगांना सुमारे सात मीटर उंचीच्या उभ्या बुद्धमूर्ती. दर्शनी भिंतीवर दांपत्यांची शिल्पे. यज्ञ सातकर्णीच्या काळात, दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, गजसेन आणि गजमित्र या व्यापारी भावांनी हे चैत्यगृह करवले. पहिल्या भेटीत सगळे येथेच थबकतात, आणि तसे थबकणे योग्यच आहे. त्याविषयी इतरत्र भरपूर लिहिले गेले असल्याने येथे इतकेच पुरे.

आता पाहुण्यांकडे वळू.

क्रमांक ९० ची गुंफा चैत्यगृहापासून बरीच वर आहे. थकलेली कुटुंबे तिच्यापर्यंत क्वचित पोहोचतात. तिच्या भिंतीवर तीन लेख कोरलेले आहेत, आणि त्यांची लिपी ना ब्राह्मी ना देवनागरी. ती पहलवी आहे, जुन्या इराणची. त्यांत यज्दगर्दी सनाची वर्षे दिली आहेत. त्यांचा मेळ घातला की तारखा निघतात १० ऑक्टोबर १००९, २४ नोव्हेंबर १००९ आणि ३० ऑक्टोबर १०२१.

मजकुरात काय आहे? कोणी राजा नाही, कसले दान नाही. आहेत फक्त माणसांची नावे, त्यांच्या वडिलांची नावे, आणि ते येथे आल्याची नोंद. एकाच बापाचे दोन मुलगे असे जोडीजोडीने नावे येतात. म्हणजे हे जरथुश्त्री पाहुणे भावाभावांसह, आप्तांसह पावसाळा संपल्यावर कान्हेरीचा डोंगर चढून आले, आणि एकदा येऊन समाधान झाले नाही म्हणून सहा-सात आठवड्यांनी पुन्हा काही मंडळी आली. या डोंगरावरील सहलीची तारीख-वारासकट नोंद म्हणून याहून जुनी नोंद दाखवता येत नाही. त्यांना त्या वेळी कोणी काय दाखवले, कोणती गोष्ट सांगितली, ते मात्र त्यांनी लिहून ठेवले नाही.

पुढच्या पाचशे वर्षांत डोंगरावरील भिक्षू गेले, अक्षरे मुकी झाली. १५३४ मध्ये वसईच्या तहाने साष्टी बेट पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले आणि नवे पाहुणे आले. फ्रान्सिस्कन पाद्री अंतोनियु दु पोर्तु याने मोठ्या चैत्यगृहाचे चर्च केले व त्याला संत मायकेलचे नाव दिले.

याच पाद्र्याची एक मोहीम गोव्याचा दफ्तरदार आणि इतिहासकार दियोगु दु कोतु याने लिहून ठेवली आहे. कान्हेरीच्या एका गुंफेतून भुयार निघते व ते पार खंबायतपर्यंत जाते, असे स्थानिक लोक सांगत. पाद्र्याने एक सोबती आणि वीसेक माणसे घेतली. बंदुका, दोर, पाणी, शिधा, सगळी तयारी. सात दिवस ही मंडळी भुयारात चालत राहिली, शेवट सापडला नाही, शिधा संपत आल्याने परतली.

कान्हेरीत सात दिवस चालावे लागेल असे एकही भुयार नाही. सात तास लागतील असेही नाही. ही माणसे नेमकी कुठे फिरत होती, अंधारात गोल गोल की फक्त कोतुच्या पानांवर, याचा विचार ज्याने त्याने करावा. पण महाराष्ट्रातील कोणत्याही किल्ल्यावर गेलेल्या मुलाला ही कथा ओळखीची वाटेल. प्रत्येक गडावर एक भुयार असते, ते दूरच्या कुठल्यातरी गावी निघते, आणि त्यात गेलेली बकरी पलीकडून बाहेर येते. फरक एवढाच की पोर्तुगीज पाद्र्याने ती गोष्ट ऐकून दोर विकत घेतला.

त्याच कोतुने साष्टीतील जुन्या जाणत्या लोकांकडून आणखी एक कथा ऐकली, आणि ती फार मोलाची आहे. एका राजाला मुलगा झाला. तो संसार सोडील असे भाकीत होते. म्हणून बापाने त्याला दुःखाचे वाराही लागू नये अशा वाड्यात ठेवले. पण शेवटी मुलाने म्हातारपण, रोग आणि मरण पाहिलेच. हा राजवाडा म्हणजेच कान्हेरी, असे सांगणाऱ्यांचे म्हणणे होते.

वाचणाऱ्याला ही सिद्धार्थाची गोष्ट लगेच ओळखू येते. कोतुला ती वेगळ्याच कारणाने ओळखू आली. ख्रिस्ती जगात संत जोसाफातची हुबेहूब अशीच कथा शेकडो वर्षे प्रचलित होती. त्यामुळे हिंदुस्थानातील लोक ज्याला बुद्ध म्हणतात तो मूळचा जोसाफातच असावा, असा तर्क त्याने केला.

तर्काची दिशा नेमकी उलटी होती. ‘बोधिसत्त्व’ हा शब्द पश्चिम आशियात ‘बुदासफ’ झाला, लेखनातील एका टिंबाच्या घोटाळ्याने ‘युदासफ’ झाला, जॉर्जियन आणि ग्रीक भाषांमधून लॅटिनमध्ये जाताना ‘जोसाफात’ झाला. कॅथलिक पंचांगात त्याला २७ नोव्हेंबर हा दिवसही मिळाला. बुद्धच संत होऊन युरोपभर फिरला, आणि सोळाव्या शतकात कान्हेरीच्या पायथ्याशी त्याची स्वतःशी गाठ पडली. ज्यांच्याकडून कोतुने ही कथा ऐकली त्यांची नावे त्याने दिली नाहीत. पांडवांच्या आणि भुयारांच्या कथा सांगणाऱ्या त्या गर्दीत कोणीतरी एकजण खरी गोष्ट सांगत होता, आणि ऐकणाऱ्याने ती आपल्या पोथीत बसवून घेतली.

१७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी साष्टी आणि वसई जिंकली. १७६० मध्ये अवेस्ताच्या पोथ्यांच्या शोधात हिंदुस्थानात आलेला फ्रेंच विद्वान आंकेतिल द्युपेराँ कान्हेरी पाहून गेला, तेव्हा येथे मराठ्यांचा अंमल होता. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले आणि साष्टीचे दार मुंबईकरांना मोकळे झाले.

एकोणिसाव्या शतकातील पाहुण्यांनी दोन गोष्टी केल्या: उकरले आणि वाचले. दोहोंचा हिशेब सारखा नाही. १८३९ मध्ये जेम्स बर्ड याने चैत्यगृहासमोरील एक मोठा स्तूप फोडला. आत तांब्याचे दोन लहान कलश, राख, काही मौल्यवान वस्तू आणि ताम्रपट मिळाला. ताम्रपटावरील त्रैकूटक संवताचे २४५ हे वर्ष म्हणजे इसवी सन ४९४-९५. कान्हेरीच्या इतिहासातील हा एक पक्का खुंटा. परंतु मूळ ताम्रपट पुढे हरवला, बर्डने छापलेली प्रतिकृतीच उरली. स्तूपही गेला.

वाचणाऱ्यांनी काही हलवले नाही, म्हणून त्यांच्या हाती अधिक लागले. एडवर्ड विल्यम वेस्ट हा रेल्वेतील अभियंता. त्याने कान्हेरीचे लेख हाताने उतरवून १८६१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे तो पहलवीचा मोठा जाणकार झाला आणि ९० क्रमांकाच्या गुंफेतील ती नावे त्यानेच १८८० मध्ये वाचून दाखवली. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये कान्हेरीचे वर्णन गुंफेमागून गुंफा असे, चालत जाणाऱ्याला हाती धरून नेल्यासारखे आले. त्यामागे पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे वाचन होते. विसाव्या शतकात पुण्याच्या डॉ. शोभना गोखले यांनी वर्षानुवर्षे हा डोंगर पालथा घातला. नाल्यापलीकडील विटांच्या स्मृतिस्तूपांवरील, तेथे विसावलेल्या स्थविरांची नावे सांगणारे लेख त्यांनी उजेडात आणले, आणि १९९१ मध्ये कान्हेरीच्या लेखांचा त्यांचा ग्रंथ आला. आज एखादा मार्गदर्शक मुलांना ‘हे टाके एका सोनाराने दिले’ असे बिनधास्त सांगतो, ते या पायपिटीच्या जोरावर.

लेणी वाचली गेली. पण लेण्यांभोवतीचे रान कसे टिकले? चहूबाजूंनी महानगर वेढून असताना सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल मध्येच उभे राहते, याला केवळ निसर्गप्रेम कारण नाही. पुन्हा पाणीच कारण आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबई विहिरी आणि तळ्यांवर जगत होती आणि ती पुरत नव्हती. १८५४ च्या अवर्षणाने हाल झाले. तेव्हा साष्टीतील डोंगरात धरण बांधून नळाने पाणी आणण्याचे ठरले. विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला, तुळशी १८७९ मध्ये. तलाव स्वच्छ राहायचा तर भोवतालच्या पाणलोटात वस्ती आणि शेती नको, असा नियम आला. जंगल राखले गेले ते मुंबईच्या तहानेपायी. ज्या खोऱ्यांत तलाव झाले तेथील गावे मात्र उठली. कान्हेरीच्या भिक्षूंनी वरच्या कातळावरचे पाणी अडवले, महापालिकेने खालच्या दऱ्यांमधले. मधल्या उतारावर जे राहिले ते आजचे राष्ट्रीय उद्यान.

हे रान ‘पाहण्याची’ शिस्तही त्याच सुमारास मुंबईत रुजली. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जण भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. आठांपैकी दोघे मराठी डॉक्टर होते: प्रार्थना समाजाचे संस्थापक आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे अभ्यासक सखाराम अर्जुन. सखाराम अर्जुन हे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. जेथे ही सभा भरली त्या संग्रहालयाला आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे, आणि भाऊ दाजी स्वतः शिलालेखांचे वाचक. पाने ओळखणारे आणि अक्षरे ओळखणारे तेव्हा फार वेगळे लोक नव्हते. शाळेच्या वेळापत्रकाने विज्ञान आणि इतिहास हे तास पुढे वेगळे केले.

संस्थापकांच्या पिढीत निसर्गाभ्यास म्हणजे बहुतांशी बंदूक आणि पेंढा भरलेले नमुने. दुर्बीण घेऊन, काही न मारता, मुलांना बरोबर घेऊन फिरायचे ही सवय विसाव्या शतकात सावकाश आली. तिच्यामागे सोसायटीची पुस्तके आणि फेऱ्या होत्या. सालिम अली यांचे १९४१ चे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक हातात धरून कित्येक घरांनी पहिला कोतवाल ओळखला.

या साऱ्यात एक वाटाड्या नेहमी मागे राहतो. वारली, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी यांचे पाडे या रानात आहेत. कोणत्या झाडाची साल कशावर चालते, कोणता मोहोर कधी, बिबट्या कोणत्या वेळी कोणत्या नाल्याने उतरतो, हे त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक. वाघोबाला ते देव मानतात आणि त्याची ठाणी पुजतात. १९९५ मध्ये उद्यानातील अतिक्रमणांविरुद्ध जनहित याचिका झाली, १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने ती हटवण्याचे आदेश दिले, आणि रान कोणाचे हा प्रश्न न्यायालयाच्या कागदांवर आला. शहरातून रविवारी सकाळी येणारा माणूस येथे निसर्गप्रेमी ठरतो आणि पाड्यावर जन्मलेल्याला आपण येथले असल्याचा पुरावा द्यावा लागतो, ही गोष्ट निसर्गफेरीत सहसा सांगितली जात नाही. सांगायला हवी. मुलांना ती कळते; मोठ्यांनाच अवघड जाते.

आणखी एक अवघड प्रश्न गुंफेच्या भिंती विचारतात. कित्येक ओसऱ्यांत खिळ्याने ओरखडलेली नावे दिसतात. बदामाच्या आकारात दोन अक्षरे, कोणाचे गाव, कोणते साल. १९५८ च्या स्मारक कायद्याप्रमाणे हा गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. मग एखादा तरतरीत मुलगा विचारतो की १००९ मध्ये आलेल्या त्या इराणी लोकांनी दुसरे काय केले?

प्रश्न टाळण्याजोगा नाही. त्यांनीही नावेच लिहिली. परंतु त्यांनी तारीख लिहिली, वडिलांची नावे लिहिली, कोणाचे कोरीव काम फोडले नाही, आणि अक्षरे अशी घडवून कोरली की साडेआठशे वर्षांनी एका रेल्वे अभियंत्याला ती वाचता आली. शिवाय तेव्हा डोंगरावर येणारे मोजके होते; आज एका शिवरात्रीला जितके येतात तितक्या सर्वांनी एकेक नाव कोरले तर पुढच्या वर्षी कोरायला भिंत उरणार नाही. तरीही दोन्हींमागची ओढ एकच आहे हे मान्य करावे लागते. सांगणाऱ्याने मुलाला गप्प बसवण्यापेक्षा ९० क्रमांकापर्यंत चढवावे.

परतीच्या वाटेवर ऊन उतरणीला लागलेले असते. खडकात कोरलेल्या पायऱ्या हजारो पावलांनी मध्यभागी खोलगट झालेल्या दिसतात. त्यांतील नेमक्या कोणत्या नदाच्या पैशांतून झाल्या हे आज बोट ठेवून दाखवता येत नाही. त्याच्या लेखात राजाचे नाव नाही, वर्ष नाही, फक्त गाव, धंदा, स्वतःचे नाव आणि वाट दिल्याची नोंद. मुले उतरताना त्या पायऱ्या मोजतात. आकडा प्रत्येकाचा वेगळा येतो, आणि त्यावरून बसस्टॉपपर्यंत भांडण चालते.